‘समुद्र फरशीवर आणला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

आमच्या मत्स्यालयाच्या दुकानाला तुम्ही दिलेला, घरी बसवलेल्या समुद्री माशांच्या टँकबद्दलचा एक स्टारचा रिव्ह्यू आधी रागारागात वाचला. मग दुसऱ्या दिवशी सर्व्हिसची वही काढून, तारखा लावत परत वाचला. “समुद्र घरात आणून देतो म्हणाले आणि फरशीवर आणला” हे तुमचं वाक्य आता दुकानात सगळ्यांना पाठ झालंय.

तुमच्या तक्रारी अशा: रात्री वीज गेली आणि कॅबिनेटमधून पाणी बाहेर आलं. आठवड्याभरात यलो टँग आणि दोन क्लाउनफिश असे तीन मासे गेले. औषधाची बाटली समोर असून आम्ही दिली नाही. आमच्या माणसाने खाऱ्या टँकमध्ये “साधं पाणी भरा” असं सांगितलं. सुरुवातीला दीड महिना नुसते दगड बघायला लावले. आणि मॅडम, म्हणजे मी, फोन उचलत नाहीत.

फरशीवरच्या पाण्यात चूक पूर्ण आमची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमचा टँक १८० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण ६४८ लिटरचा. एवढ्या मोठ्या टँकमध्ये पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळपास ११ लिटर पाणी खाली येतं. खालच्या संपमधला, म्हणजे कॅबिनेटमधल्या दुसऱ्या टाकीतला, रिटर्न पंप पाणी वर ढकलतो, आणि तेच पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे टँकच्या वरच्या कडेच्या वाटेने, परत खाली येतं. वीज गेली की पंप थांबतो. पण वर ज्या नोझलमधून पाणी पडत असतं ते पाण्यात बुडालेलं असेल, तर पाइप उलटा ओढायला लागतो. पेट्रोलच्या टाकीत नळी घालून तेल काढतात, तसंच. नोझल उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत ही ओढ थांबत नाही.

तुमचं नोझल पृष्ठभागाच्या सहा सेंटिमीटर खाली होतं. म्हणजे ६५ लिटर उलटं आलं, ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपातलं दहाएक लिटर वेगळं. संपमध्ये रिकामी जागा होती ४० लिटरची. उरलेलं ३५ लिटर पाणी तुमच्या फरशीवर गेलं. तुम्ही रिव्ह्यूत शंभर लिटर लिहिलंय. त्या आकड्यावरून मी वाद घालणार नाही, कारण पहाटे तीन वाजता चादरी टाकून ते टिपत तुम्ही बसला होतात, मी नव्हते.

मग टँक ताब्यात देताना तुमच्यासमोर पंप बंद करून दाखवला होता, तेव्हा पाणी का नाही आलं? कारण पाइपाला पृष्ठभागाच्या जरासं खाली आम्ही एक बारीक भोक पाडलं होतं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. त्या दिवशी ती तुटली. पण पाण्याखालचं बारीक भोक शेवाळाला, कॅल्शियमच्या थराला आणि इवल्याशा गोगलगायींना फार आवडतं. अडीच महिन्यांत ते बुजलं. दर महिन्याच्या सर्व्हिसला काडी घालून ते मोकळं करायचं, हे आमच्या यादीत आहे. वहीत त्यापुढे टिकही आहे, पण भोक मोकळं नव्हतं. तुमच्या घरी येणाऱ्या माणसाशी मी याबद्दल बोलले आहे. तरी खरा दोष त्याचा नाही, मांडणीचा आहे. एका भोकावर सगळी भिस्त ठेवायचीच नसते. नोझलच इतकं वर घ्यायचं की भोक बुजलं तरी संप भरून वाहणार नाही. हे मला माहीत होतं. समोरून पाइप दिसू नये म्हणून नोझल खाली घेतलं, तो निर्णय माझा होता.

“साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला असता तर?” असं तुम्ही विचारलंय. लावता येतो, पण खाऱ्या पाण्यात त्याच्यावर विसंबू नये. त्याच्या पडद्यात वाळूचा एक कण किंवा छोटी गोगलगाय अडकली की तो पूर्ण मिटत नाही. त्यात तुमची खात्री असते की तो मिटणारच, म्हणून संपात जागा सोडलेली नसते.

कॅबिनेटची फुगलेली फळी आणि भिंतीलगतची लाकडी पट्टी आम्ही बदलून देतोय. हे रिव्ह्यू यायच्या आधीच ठरलं होतं, इथे फक्त नोंद करते.

आता ‘साध्या पाण्या’बद्दल. इथे मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

टँकमधून रोज जी वाफ होते त्यात मीठ नसतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची तूट भरायची ती बिनमिठाच्या पाण्याने, आरओडीआय फिल्टरमधून आलेल्या, विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या (शून्य टीडीएसच्या) पाण्याने. मीठ कालवलेलं पाणी लागतं फक्त पाणी बदलताना, कारण तेव्हा टँकमधलं मीठही पाण्याबरोबर बाहेर जातं. आमचा माणूस “साधं पाणी” म्हणाला ते या अर्थाने. तुम्हाला वाटलं, समुद्री माशांना साधं पाणी कसं चालेल, याला काही कळत नाही. आणि तुम्ही ऑटो टॉप-अपच्या, म्हणजे रोजची तूट आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या, टाकीत मिठाचं पाणी भरायला सुरुवात केलीत.

पूर आला त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, तपासली. अशा वेळी ती उतरलेली असायला हवी. संपमधलं पाणी कमी झालं की ऑटो टॉप-अप ती तूट गोड्या पाण्याने भरून काढतो, म्हणून. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने दाखवलं १.०३१, हवं होतं १.०२६. आम्हाला वाटलं उपकरण बिघडलं. परत कॅलिब्रेट केलं, तरी तेच. मग हिशेब केला: रोज सुमारे सात लिटर, १८ दिवस, म्हणजे १२६ लिटर खारं पाणी. लिटरमागे ३५ ग्रॅम धरलं तर साडेचार किलोच्या आसपास जादा मीठ. दगड-वाळूची जागा सोडून टँक आणि संप मिळून तुमच्याकडे ६५० लिटर पाणी आहे. त्यात ते मीठ घाला, आकडा बरोबर तिथेच येतो.

आम्ही दिलेल्या कागदावर ‘टॉप-अपसाठी फक्त आरओडीआय’ असं लिहिलंय. पण तुमच्या घरी मिठाच्या पाण्याचा ड्रम आणि आरओडीआयचा ड्रम, दोन्ही निळे, एकाच मापाचे आणि शेजारीशेजारी. चिकटवलेली नावं भिंतीकडे तोंड करून. कागद दिला म्हणून आपण सुटलो असं मला वाटत नाही. आता आरओडीआयचा ड्रम पांढरा आहे.

मासे त्या मिठाने मेले, असं म्हणून मी हात झटकू शकले असते. ते खरं नाही. तांबड्या समुद्राची खारटी लिटरला ४० ग्रॅमच्या घरात आहे आणि तिथे मासे मजेत राहतात. पातळी हळूहळू चढली तर बहुतेक मासे ती सोसतात. तुमचा हॅमर कोरल (प्रवाळ) मिटून बसला तो मात्र यामुळेच असावा.

मासे गेले ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. तो पाण्यात आपोआप तयार होत नाही किंवा पुराने येत नाही, तो कुणाच्या तरी अंगावर बसूनच येतो. यलो टँग पूर यायच्या पाच दिवस आधी दुसऱ्या दुकानातून आला आणि थेट मोठ्या टँकमध्ये सोडला गेला. हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेलं नाही. त्या दुकानाला दोष देत नाही. मासा आमच्याकडून आला असता आणि वेगळा न ठेवता सोडला असता, तरी हेच झालं असतं. तुम्ही माझ्याकडे यलो टँग मागितला होता आणि मी “थांबा” म्हटलं होतं. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली पहिल्यांदा हा मासा अंड्यापासून वाढवला, त्याआधी बाजारातला प्रत्येक यलो टँग समुद्रातून पकडलेलाच असे. मला तसाच, वाढवलेला, तुम्हाला द्यायचा होता. किती थांबायचं ते मात्र सांगितलं नाही. नुसतं “थांबा” ऐकून कोण थांबतं?

ठिपके दोन दिवसांनी गेले, म्हणून तुम्हाला वाटलं मासा बरा झाला. या रोगाने मी नवीन असताना मलाही असंच फसवलंय. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत बसलेला परजीवी. तीन ते सात दिवस खाऊन तो गळून पडतो, दगडावर किंवा वाळूत गाठ करून बसतो, आणि त्या एका गाठीतून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात. दुसऱ्या फेरीला क्लाउनफिशही सापडले.

आता औषध. ती बाटली तांब्याच्या औषधाची होती. तांबं त्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, पण कोरल, कोळंबी, गोगलगायी यांनाही मारतं. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस सोडत राहतात. तुमच्या टँकमध्ये ते ओतलं असतं तर तुमचे दगड कोरलसाठी बाद झाले असते. म्हणून दिलं नाही, आणि पुन्हा मागितलंत तरी देणार नाही. पण त्याच दिवशी मी माशांना औषध देण्यासाठी वेगळा टँक घेऊन तुमच्याकडे यायला हवं होतं. आले दोन दिवसांनी. दुसरा क्लाउनफिश त्या दोन दिवसांत गेला.

दीड महिना दगड बघायला लावले, ते परत लावेन. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दगडांवर ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे जातात. मधल्या काळात सगळ्यावर चढलेला तपकिरी लेप डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा, होता. नव्या टँकमध्ये तो येतो आणि जातो. त्यात पाणी खराब झालं नव्हतं.

फोन. पहाटे सव्वातीनला तुम्ही चारदा केलात, माझा फोन सायलेंटवर होता. रात्री वाजेल असा वेगळा नंबर आता सर्व्हिसच्या कागदावर आहे, आणि तो फोन माझ्याच उशाशी असतो.

तुमचे उरलेले चार मासे आमच्याकडे औषधात आहेत आणि खातायत. मोठा टँक माशांशिवाय ७६ दिवस ठेवायचा आहे, म्हणजे परजीवीला बसायला अंगच मिळणार नाही. आजचा १९ वा दिवस. सॅलिनिटी रोज थोडी उतरवत १.०२६ वर आणली आहे. हॅमर दुपारच्या उजेडात अर्धा उघडतो, असं तुमच्या मुलीने फोटो पाठवून कळवलंय. तिला सांगा, फोटो रोज एकाच वेळी काढ.

नोझल वर घेतलं आहे, आता पृष्ठभागाच्या दीड सेंटिमीटर खाली. पाइप समोरून दिसतो, वाईट दिसतो. भोकंही दोन पाडलीत. शनिवारी मी स्वतः फळी बसवायला येते आहे. त्या वेळी दोन्ही भोकांवर टेप लावून ती बुजवेन, आणि मेन स्विच तुम्ही बंद करा. हिशेबाने पंचवीसएक लिटर खाली यायला हवं, जागा ४० ची आहे. मी संपसमोर फरशीवर बसेन.