स्वेटर बॅगेतच राहिला

डिसेंबरात गोवा म्हणजे नुसती गर्दी, महाग खोल्या आणि बागा-कळंगुटच्या किनाऱ्यांवरचा धिंगाणा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. खोल्यांचं खरं आहे, आम्हालाही ३१ तारखेच्या नावाखाली दुप्पट भाडं लावलं होतं. पण नाताळ बघायचा तर किनारा सोडा हो!

आम्ही जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो होतो. घरोघरी बाल्कावाला, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला, कागदी नक्षत्रं टांगलेली, आत बल्ब. एका अंगणात मुलं येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करत होती. डोंगर म्हणून गोणपाट, आणि गवत खरंखुरं, शेतातलं. पुण्याहून नेलेला स्वेटर बॅगेतच राहिला. मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लोक चर्चबाहेर खुर्च्या टाकून, उघड्यावर बसलेले. दुपारी मात्र ऊन चांगलंच चटकतं, टोपी विसरू नका.

आणि बेबिंक, तो थरांचा गोड केक! नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, तूप. एक थर भाजून झाला की मगच दुसरा ओतायचा, त्यामुळे सात थरांना अख्खी दुपार जाते. आमच्या घरमालकीणबाईंनी ताटलीत बेबिंकासोबत दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) आणि नेवऱ्या दिल्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच की, आमच्या आईने लगेच सारणाची चौकशी सुरू केली. शेजारच्या हिंदू घरीही तशीच ताटली गेली. दिवाळीला तिकडून फराळ येतो म्हणे.

रेल्वेचं आरक्षण मात्र वेळेत करा. आम्ही येताना रात्रभर बसमध्ये अवघडून आलो.