लिनक्स टाकल्यास वायफाय व प्रिंटर बंद पडतात, या संदेशाबाबत खुलासा
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात, सेतू केंद्रे व शाळांच्या व्हॉट्सॲप गटांत, जुन्या संगणकावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली) टाकल्यास वायफाय आणि प्रिंटर कायमचे बंद पडतात, असा संदेश फिरत आहे. हे खरे नाही. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, कर्नेलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतात, त्यामुळे सहसा ड्रायव्हरची सीडी शोधावी लागत नाही.

अडचण येते ती ठरावीक ठिकाणी. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय चिपांना फर्मवेअर (चिपमध्ये भरावे लागणारे सॉफ्टवेअर) वेगळे लागते. पेनड्राइव्हवरून मिंट (लिनक्सचा एक प्रकार) सुरू केल्यावर वायफायच्या यादीत एकही नाव दिसले नाही, तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून मोबाइलच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते आणि मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजरमधून उरलेले काम होते. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर मात्र कॅननच्या ‘कॅप्ट’ या स्वतःच्या पद्धतीने चालतो व त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. संदेशात तथ्य असेल तर एवढेच.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नियमित अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून चांगले संगणक भंगारात देण्याची घाई कृपया करू नये. आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून सातबाऱ्याचे एक पान छापून पाहावे. त्याने हार्ड डिस्कवरील काहीही पुसले जात नाही.