चौथा कोपरा

फोल्डिंग ट्रेलरला कोपरे चार असतात, त्यातले तीन वर येतात. मॅन्युअलमध्ये असं लिहिलेलं नसतं, पण जुना पॉप-अप कँपर घेतलेल्या कुणालाही विचारा.

पॉप-अप कँपर म्हणजे बंद असताना छातीएवढी उंच, चाकांवरची चपटी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, मग पुढून-मागून पलंग बाहेर ओढायचे, कॅनव्हास ताणायचा, आत टेबल, शेगडी, सिंक सगळं घडीचं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत सोफा कम बेडवर वाढलेला माणूस ह्याच्यावर भाळणार नाही तर काय. जाहिरातीत होतं, "थोडं काम आहे". बायको म्हणाली, थोडं म्हणजे किती ते विचार आधी. विकणारे आजोबा म्हणाले, "कॉस्मेटिक!"

तर त्या कॉस्मेटिक कामाबद्दल. हँडलने विंच फिरतो, विंच एक जाड केबल ओढतो, ती फ्रेमखाली चार केबलींमध्ये वाटली जाते आणि त्या केबली चार कोपऱ्यांतल्या, एकात एक बसणाऱ्या नळ्यांमधल्या स्प्रिंगांना वर सरकवतात. म्हणजे ओढायचं खाली आणि जायचं वर, ज्याने शोधलं त्याला दंडवतच. एक केबल सैल झाली किंवा एक पुली गंजली की संपलं. आमचा मागचा डावा कोपरा लग्नात मानपान न मिळालेल्या काकांसारखा खालीच बसून राहिला, तीन कोपरे वर, छप्पर तिरकं, आणि समोरच्या घरातले लोक कॉफीचे मग घेऊन पोर्चवर.

नेमके तेव्हाच सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनला आलेले. अण्णा मिरजेचे, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये. इथे आल्यापासून बिचाऱ्यांना करायला काही नव्हतं, डिशवॉशर उघडून बघून झाला होता, लॉनमोवर खोलून परत जोडून झाला होता. ट्रेलर बघितल्यावर त्यांनी बंडीवर माझा जुना शर्ट चढवला आणि म्हणाले, "जावईबापू, पाने कुठेत?"

पहिला हुकूम, छपराखाली टेकू लावल्याशिवाय कोणी डोकं घालायचं नाही. चार कोपऱ्यांना मापाचे टू बाय फोर, म्हणजे लाकडी वासे, कापून उभे केले. हे मात्र शंभर टक्के बरोबर, केबल तुटली तर छप्पर विचारून खाली येत नाही. मग अण्णा फ्रेमखाली आडवे झाले आणि तिथून आवाज यायला लागले, "ह्याला ग्रीस कधी लावलंय का कुणी?"

ट्रेलर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे पार्ट शोधायला इंडियानात एल्खार्टच्या बाजूला जावं लागलं. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त आरव्ही, म्हणजे राहायच्या गाड्या आणि ट्रेलर, त्याच भागात बनतात आणि उरलंसुरलं सामान विकणारी दुकानंही तिथे आहेत. जवळच्या मिडलबरीत लॉइड बाँट्रेगर नावाच्या माणसाने 1968 मध्ये स्वतःच्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यांत, जेको कंपनी काढली, छप्पर उचलायची स्वतःची युक्ती घेऊन. हे गाडीत अण्णांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आपल्या मिरजेच्या घरामागे खुराडं आहेच." बायकोने आरशातून माझ्याकडे जे बघितलं ते जाऊ दे.

केबल आणि पुली मिळाली, पण तोवर बाकीचं बाहेर यायला लागलं होतं. टायर नव्यासारखे चकचकीत, नक्षी सगळी शाबूत, म्हणून मी खूश होतो. टायरवर डीओटीच्या, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याच्या, कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे असतात, टायर कधी बनला ते कळतं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर 2309. म्हणजे टायर आणि आमची मुलगी एकाच वर्षीचे, आणि मुलगी ड्रायव्हिंग शिकायला लागलेली! ट्रेलरचे टायर पळून झिजत नाहीत, उभे राहून म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांत बदललेले बरे. चाक काढलंच होतं तर अण्णांनी बेअरिंगही काढून तळहातावर ग्रीस घेऊन असं काही भरलं की ते बघायला मुलगी फोन ठेवून आली, हे आमच्या घरात फार क्वचित घडतं.

लाइटचा घोळ वेगळाच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, इंडिकेटर दिला की टेल लाइट. पांढरी वायर, अर्थिंगची, जिथे फ्रेमला लागते तिथे गंज, मग करंट बिचारा मिळेल त्या बल्बमधून घरी जातो. गंज घासला, स्क्रू बदलला, झालं. एवढं एकच काम खरंच कॉस्मेटिक निघालं.

सगळ्यात जास्त छळलं ते सोसायटीच्या नियमाने. ट्रेलर ड्राइव्हवेत 48 तासांच्या वर दिसता कामा नये. बंद केला की गॅरेजमध्ये मावतो, पण बंद करून दुरुस्त होत नाही. कॅनव्हासच्या शिवणींना सीलर लावला की पाऊस आलाच, ओला कॅनव्हास घडी केला तर बुरशी धरते, उघडा ठेवला तर पत्र येतं. शेवटी तो काढून बेसमेंटमध्ये दोऱ्या बांधून वाळत घातला आणि आठवडाभर वॉशिंग मशीनपर्यंत वाकूनच जावं लागलं.

मॉडिफिकेशन हे खातं बायकोचं. जुने जांभळट पडदे गेले, आतली शेगडी गेली, कारण फोडणीचा वास कॅनव्हासला एकदा लागला की जात नाही आणि अस्वलांच्या भागात हे बरं नाही. बाहेरच्या अंगाला ब्रॅकेट ठोकून शेगडी तिथे टांगली. शेगडीच्या जागी डब्यांचा कप्पा, प्लायवूडचा, अण्णांनी इतका मजबूत केला की पुढचं वजन वाढलं आणि जीपीएसपेक्षा हिच-बॉलवरच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावरच्या, वजनाची चर्चा जास्त झाली.

शेवटी लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो. हँडल मी फिरवलं. चारही कोपरे वर आले, मागचा डावा दोन बोटं खाली. अण्णांनी लांब उभं राहून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "एसटी ह्याहून तिरकी पळते, चहा टाका." चहा उकळेपर्यंत शेजारच्या साइटवरून कुरकुर आवाज आला, तिथला माणूस हँडल फिरवतोय, छप्पर तिरकं. अण्णा ग्रीसचा डबा घेऊन उठले. इंग्लिश येत नाही, पण पाना मागता येतो. जेवायच्या वेळी बोलवायला गेलो तर तो माणूस टॉर्च धरून उभा होता आणि ट्रेलरखालून मराठीत ऐकू येत होतं, "ह्याला ग्रीस कधी लावलंय का कुणी?"