सदर पान ‘जुगार’ या वर्गात मोडते

शाळेच्या इंटरनेटवर एखादं पान अडवलं गेलं की पडद्यावर एक लाल ढाल उगवते. ढालीखाली तीन ओळी असतात. हे पान पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. कारण अमुक अमुक. आणि सदर घटनेची नोंद घेण्यात आली आहे. पहिल्या दोन ओळींचं मला फारसं वाटत नाही, तिसरी मात्र जिव्हारी लागते. कुठे घेतली नोंद? कोण वाचतं ती? माझ्या नावापुढे काय लिहून ठेवलंय? त्यात ‘कारण’ या शब्दापुढे त्या दिवशी ‘जुगार’ असं लिहिलेलं होतं, प्रोजेक्टर चालू होता, आणि नववीचा अख्खा वर्ग मोठ्या आवडीने वाचत होता.

मी गणित शिकवते. धडा संभाव्यतेचा होता. आता हा धडा फासे, नाणी आणि पत्ते यांच्याशिवाय शिकवून दाखवणाऱ्याला मी गुरू मानायला तयार आहे. पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण ‘एक फासा टाकला असता’ असं सुरू होतं किंवा ‘५२ पत्त्यांच्या कॅटमधून’ असं. मला वर्गात दाखवायचं होतं ते एक साधं पान. त्यावर एक बटण, ते दाबलं की संगणक दहा हजार वेळा फासा टाकतो आणि शेजारी आलेख हळूहळू सपाट होत जातो. घरी मी ते रात्री बराच वेळ दाबत बसले होते, इतकं ते देखणं आहे. शाळेत आल्यावर त्याचा जुगार झाला आणि कुठल्याशा नोंदवहीत शकुनीच्या शेजारी माझी सोय झाली.

पानं अडवणारा हा फिल्टर हे कसं ठरवतो, ते मी नंतर संगणकाच्या सरांकडून समजून घेतलं. जगातल्या साइटींची कुणीतरी आधीच वर्गवारी करून ठेवलेली असते: खेळ, खरेदी, हिंसा, जुगार, प्रौढ, आणि ‘अवर्गीकृत’ म्हणून एक अनाथाश्रम. शाळा यादीवर खुणा करते, की हे हे नको. हल्ली बहुतेक साइटी कुलूपबंद असतात, त्यामुळे फिल्टरला पानावर काय लिहिलंय ते सहसा दिसत नाही, नुसतं साइटचं नाव दिसतं. म्हणजे हा पाकिटावरचा पत्ता वाचून आतल्या पत्राचं चारित्र्य ठरवणारा पोस्टमन. माझ्या साइटच्या नावात ‘डाइस’, म्हणजे फासे, होतं. तेवढं पुरलं.

शब्दावरून माणूस ओळखायची ही खोड जुनी आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात इंग्रजीतली एक भलतीच शिवी दडलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्याही ती लक्षात आली नसेल, ती संगणकाने शोधली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाची ईमेलं २००४ साली अशीच गहाळ व्हायची, कारण त्या नावात फिल्टरला इंग्रजीतला ‘कामातुर माणूस’ दिसायचा. कॅनडात ‘द बीव्हर’ नावाचं इतिहासाचं मासिक १९२० पासून निघत होतं. बीव्हर हा तिकडचा पाण्याकाठी बांध घालून राहणारा निरुपद्रवी प्राणी, पण इंग्रजी बोलीत त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि फिल्टरला तेवढा एकच येतो. २०१० मध्ये मासिकाने नावच बदललं, ‘कॅनडाज हिस्टरी’ केलं. २००८ साली तर टायसन गे या धावपटूचं आडनाव एका बातम्यांच्या साइटवरच्या यंत्राने परस्पर ‘सुधारलं’ आणि शंभर मीटरची उपांत्य शर्यत ‘टायसन होमोसेक्शुअल’ने जिंकल्याची बातमी लागली.

हे मी शिक्षककक्षात सांगितलं तर हसण्याऐवजी सगळ्यांचे घावच उघडे पडले. जीवशास्त्राच्या मॅडमना उरोस्थीचं चित्र हवं होतं. इंग्रजीत तिला ब्रेस्टबोन म्हणतात. झालं, हाड अश्लील ठरलं. भूगोलवाल्या सरांचं ससेक्स, एसेक्स आणि मिडलसेक्स या परगण्यांवर घोडं अडलेलं. इतिहासाला महायुद्ध हवं तर ‘हिंसा’, रसायनाला नायट्रेट हवं तर ‘स्फोटकं’. मी रोमन अंकांची भर घातली: एकोणतीसपर्यंत सगळं सुरळीत असतं, तीस लिहायला सलग तीन एक्स लागतात. त्यावर मराठीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “माझं अजून एकही पान अडलेलं नाही. त्याला मराठी येत नाही.” आणि मग त्यांनी, केवळ प्रयोग म्हणून, शोधपेटीत देवनागरीत एक शब्द टाईप केला. पडद्यावर आलेले निकाल आम्ही ज्या वेगाने बंद केले तो वेग शाळेच्या इंटरनेटला कधीच जमलेला नाही.

फिल्टर नकोच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासाची माहिती शोधताना पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह’च्या जागी ‘कॉम’ लिहिलं, तर काही वर्षं समोर भलत्याच साइटचं दार उघडायचं. ती साइट खरोखर होती आणि प्रकल्प लिहिणारी कितीतरी मुलं त्या दारात जाऊन उभी राहिली असतील. तेव्हा कुंपण हवंच. माझी तक्रार इतकीच की कुंपण बाईंच्या खुर्चीभोवती घातलंय आणि मुलं बाहेर मैदानात आहेत.

कारण मुलं! फिल्टर लागला त्याच आठवड्यात त्यांनी गप्पांची सोय करून घेतली होती. सगळ्यांनी मिळून लिहायचा एक दस्तऐवज असतो ना, गटकार्यासाठी आम्हीच शिकवलेला? त्याला नाव दिलं ‘विज्ञान प्रकल्प – अंतिम’ आणि आत दिवसभर भांडणं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय तन्मयतेने लिहितायत पोरं. मी एकदा त्या दस्तऐवजाचा जुना इतिहास उघडला. कुणी काय लिहिलं आणि कुणी कधी पुसलं, ते सगळं तिथे वेळेसकट साठून राहतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, त्यामुळे भांडणं शुद्धलेखनासह चालतात. माझं पान अडलं त्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या एकाने अदबीने हात वर केला: “मॅडम, दोन मिनिटं द्या, मी उघडून देतो.” मी “नको” म्हणाले. म्हणताना जीव तुटत होता, पण आता माझ्या नावापुढे नोंद होती.

मग रीतसर मार्ग. संगणकाच्या सरांना फोन केला.

“सर, एक पान उघडून हवं होतं. फाशांचं.”

“जुगारात आहे, मॅडम.”

“गणिताचं आहे हो.”

“असेल. पण जुगारात आहे. एकच पान सोडायचं म्हणजे अपवादाच्या यादीत टाकावं लागतं, ते माझ्या हातात नाही. ते वरून होतं.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अशी काही श्रद्धा होती की मी पुढे विचारलं नाही. “तुम्ही अर्ज भरा.”

अर्जातला एक रकाना मी जन्मभर विसरणार नाही. ‘अडवलेल्या पानाचे चित्र शाळेच्या संगणकावरून घेऊन जोडावे.’ मी प्रामाणिकपणे लाल ढालीचं चित्र जोडलं. उत्तर आलं, मजकूर दिसत नाही. मी कळवलं, अडवल्यामुळे दिसत नाही. मग घरून पानाचं चित्र काढलं आणि ईमेलने पाठवलं. ते ‘वर’ पोचलंच नाही, कारण विषयाच्या ओळीत मी ‘डाइस’ लिहिलं होतं आणि ईमेललाही फिल्टर आहे. अमेरिकेत २००० साली शाळा-ग्रंथालयांतल्या फिल्टरचा कायदा झाला. तो २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकला, त्यामागे एक मुद्दा असा होता की मोठ्या माणसाने विनंती केली तर ग्रंथपाल फिल्टर बंद करून देऊ शकतो. नुसती विनंती! चित्र न जोडता!

वाट पाहण्यात तास जात होते, म्हणून मी खरे फासे आणले. आणि इथे मला फिल्टरची बाजू घ्यावी लागेल, कारण इतिहास त्याच्या बाजूचा आहे. संभाव्यतेचं गणित जन्मलंच मुळी जुगाराच्या टेबलावर. १६५४ साली दमेरे नावाच्या एका जुगाराच्या शौकिनाने पास्काल या फ्रेंच गणितीला काही कोडी घातली आणि त्यावरून पास्काल आणि दुसरा गणिती फर्मा यांच्यात जी पत्रापत्री झाली, ती या विषयाची गंगोत्री. दमेरेच्या नावावर सांगितलं जाणारं एक कोडं मी वर्गाला सांगितलं: एक फासा चार वेळा टाकायचा, त्यात एकदा तरी सहा पडेल अशी पैज लावायची. लावणारा फायद्यात असतो, शंभरात साधारण ५२ वेळा जिंकतो. तेच दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर सहा पडतील अशी पैज लावली, की ४९ वर घसरतो.

एवढं सांगून मी फळ्याकडे वळले आणि परत वळेपर्यंत वर्गात खोडरबरांची उलाढाल सुरू झाली होती. संगणकावरच्या फाशाला कुणी खोडरबर लावलं नसतं. हातात खरा फासा आला आणि पोरांचा आवाजच बदलला. “पड, पड, पड!” हे मी गणिताच्या तासाला पहिल्यांदा ऐकलं. शाळेतला जुगार रोखण्यासाठी बसवलेल्या यंत्रामुळे शाळेत जुगार सुरू झाला.

दोन मिनिटांत उघडून देणारा तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा दमेरेवर विश्वास ठेवून सगळ्यांशी चार वेळांची पैज लावत सुटला होता आणि तास संपेपर्यंत पार धुतला गेला होता. शेजारच्या बाकावरच्या मुलीची कंपासपेटी बंद होईना.

“मॅडम, तुम्ही म्हणालात मी फायद्यात असतो.”

“असतोस. खूप डाव खेळलास की.”

“खूप म्हणजे किती?”

हाच तर माझा धडा होता! शंभरात ५२ हा फायदा इतका बारीक, की एका तासात तो दिसतच नाही, तो दिसायला हजारोंनी डाव लागतात. याकोब बर्नुली या स्विस गणितींनी याचं प्रमेय सिद्ध केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये ग्रंथरूपाने छापलं गेलं. आणि खरंच हजारोंनी डाव टाकून बघणारा एक माणूस होऊन गेला, जॉन केरिच. १९४० साली जर्मनांनी डेन्मार्क घेतलं तेव्हा हा गणिती तिथे होता, त्याला छावणीत डांबलं, आणि त्याने तिथे दहा हजार वेळा नाणं उडवलं. छापा ५,०६७ वेळा. त्याच्याकडे कैद होती. माझ्याकडे एक तास होता, तोही हजेरी वजा जाता.

आणि एके सकाळी मंजुरी आली. मी वर्गात, थोडं नाटकी होऊनच, पान उघडलं. ढाल नव्हती. फासाही नव्हता. हल्लीची पानं एका जागेवरून येत नाहीत. मजकूर एका साइटवरून, चित्रं दुसरीकडून, आलेख काढणारा भाग तिसरीकडून. वरच्यांनी पहिलीला परवानगी दिली होती. पडद्यावर पांढऱ्या जागेत एक चौकट होती, तिच्यावर फाटक्या चित्राची खूण, आणि खाली ते बटण. मी दाबलं. काही झालं नाही. सरांना फोन केला.

“पान उघडलं ना, मॅडम?”

“उघडलं, पण...”

“मग अर्ज बंद करतो. बाकीच्यांचे वेगळे भरा.”

मी बाकीच्यांचे अर्ज भरत असताना पार धुतला गेलेला तो मुलगा मागच्या संगणकावर काहीतरी खुडबूड करत होता. मला वाटलं, घ्या, आता हा बोगदा खणतोय. जाऊन पाहिलं तर साधी स्प्रेडशीट. इंटरनेट नाही, साइट नाही, नाव वाचून संशय घ्यायला काहीच नाही. पहिल्या चार रकान्यांत एक ते सहामधला कुठलाही आकडा काढायचं सूत्र, पाचव्यात ‘यात सहा आहे का’, आणि ते खाली ओढत ओढत दहा हजार ओळींपर्यंत नेलेलं. तळाशी बेरीज. एक कळ दाबली की सगळे आकडे नव्याने पडत. ५,१४०. पुन्हा दाबली, ५,२२३. पुन्हा, ५,१६८. तो दाबत होता आणि प्रत्येक वेळी पाच हजारांच्या वर जिंकत होता, दमेरेनेही एवढे डाव पाहिले नसतील.

मग त्याने शेजारच्या बाकावरच्या मुलीला बोलावलं, पडदा दाखवला आणि खोडरबरं परत मागितली.

तिने सगळे आकडे नीट वाचले. “हे डाव या संगणकाशी खेळलास ना?” ती म्हणाली. “मग त्याच्याकडून घे.”