घण मारा, पण कुठं? व्हील बेअरिंगच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, तेव्हा सोलापुरी रिवाजानं मालकच म्हणतो. जाम झालेलं व्हील बेअरिंग, म्हणजे चाक सहज फिरवणारा गोळ्यांचा भाग, कसं काढायचं यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रेस (दाबून काढायचं यंत्र), पुलर (ओढून काढायचं), सेपरेटर (कडीखाली अडकवून धरायचं) ही सगळी पुस्तकी थेरं आहेत. अक्कलकोट रोडवरचा तुमचा मिस्त्री गॅस लावतो, घणाचे दणके देतो आणि अर्ध्या तासात बेअरिंग हातावर ठेवतो. जुनं बेअरिंग शेवटी भंगारातच जायचं, मग त्याचे एवढे लाड कशाला? वर मी लोकांना खर्चात पाडतो, हेही आहेच.

भंगारातच जायचं, हे अगदी बरोबर. त्याला फोडा, कापा, काय वाट्टेल ते करा, माझी ना नाही. पण ते ज्या भोकात बसलंय ते भोक काही भंगारात जात नाही. नवं बेअरिंग त्याच भोकात बसवायचंय, आणि माझा सगळा जीव त्या भोकात अडकलाय.

छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकात बहुतेक वेळा बेअरिंगची बाहेरची कडी नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग, ज्यात ते भोक असतं) दाबून बसवलेली असते आणि आतल्या दोन कड्यांत हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, दाबलेला असतो. हा घट्टपणा मिलिमीटरच्या शतांशात मोजायचा. घण जरा एका बाजूला पडला की कडी भोकात तिरकी होते. बेअरिंगचं पोलाद नकलच्या मानानं फार कडक, त्यामुळं तिची धार भोकात रेघ ओढत जाते. तुमच्या मिस्त्रीनं काढून ठेवलेली नकल एकदा डिझेलनं पुसा आणि आतून नख फिरवा. नख अडकलं तर तिथं नवी कडी सगळीकडून सारखी टेकणार नाही. गाडी चालता चालता ती भोकात सरकायला लागते, भोक आणखी झिजतं, आणि साठ-सत्तरच्या स्पीडला खराब बेअरिंगचा तोच घूं आवाज परत येतो. मग सगळे म्हणतात, बेअरिंग डुप्लिकेट निघालं. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण दर वेळी दोष मालाचा नसतो.

घण उचलायच्या आधी सर्क्लिप, म्हणजे बेअरिंगला अडवून धरणारी खाचेतली स्प्रिंगची कडी, निघाली का ते बघायचं. ती खाचेत माती आणि गंजाखाली अशी गाडली जाते की नजरेला दिसतच नाही. जाम जाम म्हणून ज्याला लोक ठोकत बसतात, ते कितीदा तरी नुसतं सर्क्लिपनं धरलेलं असतं. ती आत असताना वीस टनाचा प्रेस लावला तर बेअरिंग हलायच्या आधी खाच तुटते.

आता गॅस. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत सोलापुरातलं सगळंच लोखंड तापलेलं असतं, म्हणून काय बेअरिंग ढिलं होतं का वो? नकल आणि बेअरिंग दोन्ही सारखी तापली तर दोन्ही सारखीच फुगतात. हवा असतो तो फरक. ७२ मिलिमीटरचं भोक आतल्या बेअरिंगपेक्षा ८० अंशांनी जास्त तापलं, तर ते साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटरनं मोठं होतं, आणि एवढं पुष्कळ झालं. म्हणजे नकल बाहेरून, गोल फिरवत, झटपट तापवायची आणि आच आत पोचायच्या आत दाब द्यायचा. तुमचा मिस्त्री लाल होईपर्यंत ज्योत धरत असेल, तर ती उष्णता आतपर्यंत जाऊन फरकच संपतो. शिवाय बॉल जॉइंटचं रबर जळतं, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) सेन्सरची वायर वितळते, ग्रीस पेट घेतं ते वेगळंच.

हब दाबून बाहेर काढला की बऱ्याचदा बेअरिंग फुटतं. आतली एक कडी हबला चिकटून येते आणि बाहेरची नकलमध्येच राहते. हबवरच्या कडीसाठी सेपरेटर नसेल तर ग्राइंडर घ्या. कडीवर तिरपी चीर पाडत जायचं आणि खालच्या हबला चकती लागायच्या आत, कागदाएवढी जाडी उरली की थांबायचं. चिरेत छिन्नी उभी धरून एकच दणका. एवढं कडक पोलाद वाकत नाही, टच्‌ आवाज होऊन तडकतं आणि कडी हातानं निघते. इथं मात्र चष्मा लावाच. कडक कडीवर सरळ घण मारला तर तिचे कपचे गोळीसारखे उडतात.

नकलमधल्या कडीसाठी वेल्डिंगवाल्याला गाठा. कडीच्या आतून गोल एक वेल्डिंगची रेघ फिरवून घ्यायची. थंड होताना वेल्ड आकसतं, कडीला आत ओढतं, आणि कडी जवळजवळ आपोआप खाली पडते. हे काम नकल गाडीवरून उतरवल्यावरच करायचं. गाडीवर वेल्डिंग म्हणजे इसीएम, अर्थात इंजिनाचा कॉम्प्युटर, बिघडायला निमंत्रण.

घण चालतो ती जागाही सांगतो. मागच्या ड्रममध्ये दोन बेअरिंगं असतात, तिथं पलीकडून पंच लावून, आधी वर, मग खाली, मग डावीकडं असे हलके ठोके देत काढायला काहीच हरकत नाही. ते कामच तसं आहे. बोल्टवर बसणारं अख्खं हब युनिट असेल तर तिथं प्रेसचा संबंधच येत नाही. गंजानं धरलेलं असतं तेवढंच. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, बोल्ट थोडे ढिले करून त्यांच्या डोक्यांवर आलटून पालटून ठोका. आपल्या कोरड्या हवेत हा त्रास कमी, पण मुंबई पासिंगची सेकंडहँड गाडी घेतली असेल तर तयारी ठेवा.

खर्चाचं म्हणाल, तर प्रेस विकत घ्या असं मी कुठंच लिहिलेलं नाही. नकल खोलून एमआयडीसीत लेथवाल्याकडं न्यायची, तो घेतो ती मजुरी नव्या नकलपुढं किरकोळ असते. नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर हवा. आतल्या कडीवर दाबलं तर तो जोर गोळ्यांतून जातो, कडीत बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करतं. जुनी बाहेरची कडी बाहेरून थोडी घासून ठेवली की दाबायला तीच कामाला येते, फुकटात. एबीएसची गाडी असेल तर ज्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी आहे ती बाजू सेन्सरकडं. उलटं बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागलाच, आणि सगळं परत खोला.

राहता राहिला एक्सलचा नट. 'जुनाच लावला तर काय बिघडतं?' असं विचारलंत. ज्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून वाकवलेली असते तो नट एकदा उघडला की नवाच लावायचा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळायचा पाना) आवळायचा. बेअरिंगच्या आतल्या दोन कड्या एकमेकींना धरून ठेवण्याचं काम बऱ्याच गाड्यांत त्याच नटाकडं असतं.