‘अंतःकरणाचे शुद्ध’ म्हणजे नेमके कोण?

इंदूरच्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत रविवारची भक्ती हिंदीत आणि घरचे बायबल मराठीत, असा मामला असतो. मत्तय ५:८ चर्चमध्ये कानावर पडते ते ‘धन्य हैं वे, जिनके मन शुद्ध हैं’. घरी उघडले की ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील’. मन म्हटले की विचार आठवतात, आणि विचार म्हटले की घाणेरडे विचार. मग एवढे मोठे वचन तरुणांच्या सभेत ‘मोबाइलवर काय बघता’ एवढ्यावर येऊन थांबते. माझे स्पष्ट मत आहे की आपण हे वचन फार स्वस्तात उरकतो.

मूळ ग्रीक शब्द ‘कथारोस’. पाखडून कोंडा काढलेल्या धान्याला तो लावत, हिणकस नसलेल्या सोन्यालाही लावत. प्रकटीकरण २१:१८ मधले ‘शुद्ध सोने’ तेच. म्हणजे प्रश्न सोवळ्याचा नाही, भेसळीचा आहे. (सोवळ्याचा निकाल येशूने मार्क ७ मध्ये लावलाच आहे.) याकोब ४:८ मध्ये अंतःकरणे शुद्ध करायला कोणाला सांगितले आहे? ‘द्विबुद्धीच्या’, म्हणजे मन दोन ठिकाणी असलेल्या, लोकांना.

एप्रिल-मेमध्ये छावणीच्या धान्यबाजारातून वर्षाचे गहू आणणाऱ्यांना हे समजायला वेळ लागू नये. चाळणीतून माती खाली पडते, सुपाने कोंडा उडतो. उरतो तो गव्हाच्याच आकाराचा, गव्हाच्याच रंगाचा खडा. तो ताटात गहू पसरून, उजेडाकडे तोंड करून, बोटांनीच वेचावा लागतो. दारू, शिवीगाळ, चोरी ही चाळणीतली माती. ती सगळ्यांना दिसते. खडा असतो चांगल्या कामात. चर्चला पंखा दिला, पात्यावर लाल रंगात नाव घातले. दान खरे, उकाडाही खरा. पण चार वर्षांनी रंग उडाला आणि पाळकांना ‘नाव परत घालून घ्या’ म्हणावेसे वाटले, की समजावे, खडा दाताखाली आला. मत्तय ६ मध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपास हीच उदाहरणे घेतो. तिन्ही चांगली कामे आहेत, हे लक्षात घ्या.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांची शिकवण पाचव्या शतकात लिहून ठेवणारा जॉन कॅसियन यात फार बारकाईने शिरतो. माणसे जमीनजुमला, सोने-चांदी सोडून येतात आणि पुढे चाकू, सुई, लेखणी यांवरून हमरीतुमरीवर येतात, असे तो सांगतो. वस्तू लहान झाली, चिकटणे तेवढेच राहिले. त्याच्या मते देवाचे राज्य हे शेवटचे ठिकाण, शुद्ध अंतःकरण हे रोजचे लक्ष्य, आणि उपास, जागरण, वाचन ही नुसती हत्यारे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपास धरून दिवसभर घरच्यांवर खेकसणाऱ्याने उपासात मिळवले त्याहून जास्त गमावले.

विचार येणे म्हणजे अशुद्धता नव्हे, हेही जुन्या लोकांनी नीट मांडून ठेवले आहे. आधी विचार दारात येतो, मग आपण त्याच्याशी गप्पा मारत बसतो, मग होकार देतो, मग तो आपल्याला ओढून नेतो. पहिल्यात दोष नाही. तोडायचे ते दुसऱ्या पायरीवर. होकार दिल्यावर जोर दसपट लागतो.

रोज हे खडे निवडण्यासाठी सोळाव्या शतकातल्या कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाची पद्धत मला सर्वांत कामाची वाटते, प्रोटेस्टंटांनाही. रात्री दहा-पंधरा मिनिटे. आधी उपकारस्तुती, मग दिसण्यासाठी प्रकाश मागणे, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने बघणे, क्षमा मागणे, उद्याचा निश्चय. दुसरी पायरी लोक हमखास गाळतात आणि मग आपलाच तपास आपणच करत बसतात. स्तोत्र ५१:१० मध्ये ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ असे आहे. त्यातले हिब्रू क्रियापद ‘बारा’, उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्याच वचनातले. घासूनपुसून दे असे स्तोत्रकर्ता दावीद म्हणत नाही. नसलेले निर्माण कर म्हणतो.

याशिवाय एकच दोष निवडायचा. वहीत दिवसाला दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. चुकलो तितके ठिपके. आज-उद्याची, या आठवड्याची-पुढच्या आठवड्याची तुलना. पाच दोष एकदम धरले की चौथ्या दिवशी वही बंद पडते, म्हणून एकच.

उलट टोकही आहे. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे इग्नेशियस स्वतः जुनी पापे पुन्हापुन्हा कबूल करत जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता. शेवटी त्याने झालेली पापे परत उकरणे बंद केले. ज्यांना क्षमा मागूनही चैन पडत नाही त्यांनी वही बाजूला ठेवावी आणि एखाद्या अनुभवी पाळकाशी किंवा फादरशी बोलावे.

बाकीच्यांनी वही लिहावी, पण कपाटात ठेवावी. ठिपके कमी झाल्याचे साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केले ते चर्चमध्ये उभे राहून सांगताना, मंडळीत सांगावेसे वाटले, तर त्याचाही ठिपका त्या रात्रीच्या रेघेवर मांडावा.