म्हणे, आधी शिका, पैशाचं नंतर बघू!

नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना हा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच वैताग आलाय. शिका म्हणता, पण शिकवतं कोण? दिवसभर एका एक्सेलमधले आकडे दुसऱ्यात डकवायचे, संध्याकाळी मीटिंगची टिपणं काढायची, आणि काही विचारलं की 'गूगल कर'! वर पगारवाढ टक्क्यांत मिळते, म्हणजे सुरुवातीचा आकडाच कमी असेल तर पुढची प्रत्येक वाढ कमी. नोकरी बदलली तरी नवी कंपनी बऱ्याचदा आधीची सॅलरी स्लिप मागते. हे का नाही सांगत कुणी? ऑफर लेटरमध्ये नोटीस पीरियड (नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगायचं ती मुदत) किती, बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) आहे का, प्रोबेशन (सुरुवातीचा चाचणीचा काळ) कधी संपतं, एवढं तरी सही करण्याआधी वाचायला सांगा ना! पोरं बिचारी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून सही करून मोकळी होतात.